शिंगाला लावलेली हळद

जावयांनी हिवाळाभर बसून बैलाच्या शिंगावर जहाज कोरलं होतं. जुन्या काळचे वेष घालून लढायांचे खेळ करणाऱ्या मंडळींत ते जातात. तिथे बंदुकीची दारू ठेवायला असं शिंग खांद्याला अडकवतात. त्याला जुनाट पिवळा रंग हवा होता. मी दबकत हळद सुचवली आणि इथे विलायतेत, हॅरोच्या आमच्या किचनमध्ये, गरम हळदीच्या पाण्यात, शिंग छान पिवळं झालं.

मग वरची भुकटी काढायला त्यांनी ते साबणाच्या स्पंजने पुसलं. शिंग तांबडंलाल झालं.

"आईने शिंगाला कुंकू लावलं," लेक हसली.

जावई हसले नाहीत. त्यांनी सँडपेपर उचलला. घासलं तर रंगाबरोबर कोरलेलं जहाजही जाणार होतं. साबणाने लाल झालेली हळद लिंबाने परत पिवळी होते, हे मला ठाऊक होतं, पण जावयांना अडवायला जीभ उचलेना. मी लिंबू कापलं.

"अहो, थांबा जरा," मी कसंबसं म्हणाले.

लिंबू फिरवलं तिथे पिवळा रंग परत आला. जावयांनी सँडपेपर खाली ठेवला. मग शिंगाला चकाकी आणायच्या तेलाची बाटली माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आई, तेल तुम्हीच लावा."