नाव न घेता केलेली प्रार्थना विनंती

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत माझ्या बाजूने बोलण्यासारखं मला स्वतःलाही काही सापडलेलं नाही. तेव्हा चहा घ्या, आणि हसू आलं तर निदान तोंड तिकडे करा.

मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. कुकर मीच लावते, शिट्ट्याही मीच मोजते, तरी तिसऱ्या शिट्टीला दचकते. अशा बाईला आमच्या अकोल्याच्या चर्चने संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग दिला. सात जण, सोळा ते एकोणीस वयाचे. का दिला? तर मी एम.ए. झालेली, आणि बाकीच्या शिक्षिका साठीच्या पुढच्या. "तुले त्यायचं समजते," असं आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब म्हणाले. मला माझंच समजत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

तर झालं असं. मे महिन्यात अमरावतीला ख्रिस्ती पालक आणि शिक्षकांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. आजची तरुण मुलं कशी आहेत, काय पाहतात, काय बोलतात, ते समजून घ्यायचं. चर्चने मला पाठवलं, पण अट अशी की परत येऊन शनिवारी सगळ्या पालकांना ते समजावून सांगायचं. शिबिरातले वक्ते फार शहाणपणाचं बोलले. मुलांचं आधी ऐका, उपदेशाची घाई करू नका, काही खटकलं तर सरळ त्यांनाच विचारा. हे मी काहीच लिहून घेतलं नाही. मी लिहून घेतल्या फक्त धोक्याच्या खुणा. अकरा खुणा, लाल पेनाने.

परतताना बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि सहज इन्स्टाग्राम उघडलं. आमच्या वर्गातल्या ग्रेसीचं पान समोर आलं. ही ग्रेसी सतरा वर्षांची. रविवारची उपासना संपली की सगळी पोरं पळायची, ही एकटी माझ्याजवळ थांबायची. मैत्रिणींची भांडणं, आईशी झालेली बोलाचाली, सगळं मला सांगायची. "घरी नका सांगू दीदी, एवढंच," ही तिची एकच अट. मी वचन दिलं होतं. मला उभ्या आयुष्यात कोणी आपणहून गुपित सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्या वचनाला मी फार जपायची.

तर त्या ग्रेसीच्या पानावर कालपर्यंत ऐंशी-नव्वद फोटो होते. आज एकही नाही.

खूण क्रमांक चार: जुन्या आठवणी पुसून टाकणे. मग आठवलं, ही पोरगी हल्ली काळी जाड हुडी घालून, टोपी कपाळापर्यंत ओढून येते. मे महिना, अकोला! जिथे दुपारी कुत्रंसुद्धा एका सावलीतून दुसऱ्या सावलीत जाताना दोनदा विचार करतं. खूण क्रमांक नऊ: स्वतःला झाकून घेणे. मूर्तिजापूर येईपर्यंत, हिच्या आईला आता काय तोंड दाखवू, इथवर माझी मजल गेली होती.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? तिला फोन लावून विचारलं असतं, काय गं, फोटो कुठे गेले? पण विचारलं आणि तिने काही भलतंच सांगितलं तर? माझी हिंमत होईना. तिच्या आईला सांगावं तर वचन मोडतं. मग मला एक पळवाट सुचली, जी आमच्यातल्याच माणसाला सुचू शकते. प्रार्थना विनंती. मी पाळकसाहेबांच्या बायकोला, पाळकीणबाईंना फोन केला. म्हटलं, आपल्या तरुणांपैकी एक जण मोठ्या अंधारातून जात आहे, नाव विचारू नका, फक्त प्रार्थना करा. नाव घेतलं नाही म्हणजे वचनही मोडलं नाही. देवाला नाव ठाऊकच असतं.

देवाला ठाऊक होतं हो. प्रश्न बाकीच्यांचा होता.

पाळकीणबाईंनी माझी विनंती शब्दाला शब्द भगिनी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. आता तुम्हीच पाहा, चर्चमध्ये तरुण एकूण सात, विनंतीत नाव कोणाचंच नाही. प्रत्येक घराला वाटलं, आपलंच.

तायडे काकांनी त्याच संध्याकाळी पेचकस आणून पोराच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. सुनीता मावशींचा अमित दुपारी बारापर्यंत झोपायचा आणि त्या रोज त्याच्या नावाने ओरडायच्या. आता त्या ओरडेनात, उशाशी बसून डोळे पुसत गीतं गुणगुणू लागल्या. तो इतका घाबरला की सकाळी सहाला उठायला लागला. वानखडे वहिनींनी जुळ्या मुलांना समोर बसवून विचारलं, माझं काही चुकलं का रे? त्यांना वाटलं आईला सगळं कळलं, म्हणून त्यांनी गेल्या वर्षी मिक्सर कोणी जाळला ते कबूल करून टाकलं.

शनिवार उजाडला. एरवी पालकसभेला तीन आया आणि कुलूप लावायला एक काका. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. पोरांना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून त्यांनाही सोबत आणलेलं. सातही जण मागच्या भिंतीला ओळीने बसलेले, त्यात ग्रेसी हुडीत.

मी वही उघडली. पहिली खूण वाचणार तोच तायडे काका उभे राहिले.

"बाई, ते खुणा-बिना राहू द्या. चार दिवसांपासून मले झोप नाही. एकच सांगा, माहा पोरगा आहे का थो?"

मी म्हटलं, "नाही काका."

ते मटकन खाली बसले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसू लागले. त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच बरं वाटलं. मग सुनीता मावशींनी विचारलं, त्यांना नाही म्हटलं. वानखडे वहिनींना दोन्ही पोरांचं नाही म्हटलं. जोशुआच्या आईला नाही म्हटलं. नाताळचा केक वाटावा तशी मी नकार वाटत सुटले होते.

आणि मग माझ्या डोक्यात वजाबाकी झाली. सातातून पाच गेले. उरल्या दोन.

एक ग्रेसी. दुसरी पाळकसाहेबांची एस्तेर. एस्तेर अमरावतीला इंजिनिअरिंगला, शनिवार-रविवारी घरी येते, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवते, सगळ्यांशी हसून बोलते. हिच्यासाठी कधी कोणाला प्रार्थना करायची गरजच पडली नव्हती. ग्रेसीची आई खुर्चीवरून उठायला लागली होती. पण तिच्या आधी पाळकसाहेबच बोलले. सभा जरा हलकी व्हावी म्हणून हसत हसत त्यांनी विचारलं, "आमची एस्तेर तर नाही न?"

नाही म्हटलं की ग्रेसी सगळ्यांसमोर उघडी पडणार. बोला, तुम्ही काय केलं असतं?

मी "हो" म्हणाले.

चर्चच्या हॉलमध्ये, समोर बायबल ठेवलेलं असताना, पाळकसाहेबांच्या तोंडावर त्यांच्याच मुलीबद्दल मी धडधडीत खोटं बोलले. तेल्हाऱ्याला माझी आत्या राहते, तिच्याकडे किती महिने काढता येतील याचा मी विचार करू लागले.

मागे एस्तेर उभी राहिली.

"दीदीले कसं समजलं मले माहीत नाही," ती म्हणाली. "पण खरं आहे. सहा महिन्यांपासून होस्टेलात मी एकटीच जेवून राहिली. कोणाशी जमत नाही. घरी सांगावं म्हटलं तर पप्पा, तुमच्यासमोर रोज कोणाचं न कोणाचं दुःख बसलेलं असते. त्याच्यात माहं कुठं ठेवू?"

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली नाही, बायबलमधलं वचनही सांगितलं नाही. त्यांनी आपली खुर्ची उचलली, सगळ्यांमधून वाट काढत मागच्या भिंतीपर्यंत नेली आणि एस्तेरच्या बाजूला ठेवून बसले. "सांग," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळाने तायडे काकांनी खुर्ची उचलली. मग वानखडे वहिनींनी. मग सगळ्यांनीच. समोर उरले मी, माझी वही आणि पालकांना समजावून सांगायचं भाषण. ते शेवटपर्यंत झालंच नाही. कोणी मागितलंही नाही.

बाहेर नळाजवळ ग्रेसी माझी वाट पाहत होती.

"ती मी होती न?"

मी होकाराची मान हलवली. ती शांतपणे सांगू लागली. फोटो पुसलेले नाहीत, फक्त तिलाच दिसतील असे आत जपून ठेवले आहेत. तिच्या वर्गातले सगळेच हल्ली असं करतात, बाहेर पान कोरं असलं की मोकळं वाटतं. आणि हुडी अशासाठी की क्लासमधला एसी बरोबर तिच्या डोक्यावर आहे आणि ती थेट तिथूनच इकडे येते. मग म्हणाली,

"मले विचारलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं, दीदी. तुम्ही अख्ख्या चर्चले सांगितलं, मलेच सोडून."

मी माफी मागितली. तिने खांदे उडवले आणि निघून गेली.

पाळकसाहेबांनाही मी जाऊन खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "तू खोटं बोलली हे वाईटच, बाळा. पण माह्या पोरीबद्दल मी हसत हसत विचारलं, ते त्याच्यापेक्षा वाईट." एस्तेर अजून अमरावतीलाच शिकते आहे. पण जेवणाच्या वेळी पाळकसाहेब रोज ताटासमोर फोन उभा करून तिच्यासोबत जेवतात. त्यांचं वरण सांडतं आणि तिकडे ती हसते, असं पाळकीणबाई सांगतात.

ग्रेसी मात्र पुढचे दोन रविवार उपासना संपताच निघून गेली. मी तिला एकदाच लिहिलं: तुला विचारायला मी घाबरले, चूक माझी आहे. उत्तर आलं नाही. तिसरा रविवारही तसाच जाणार, असं मी धरून चालले होते.

बुधवारी दुपारी फोन वाजला. अर्थात मी दचकले. इन्स्टाग्रामवर निवडक, अगदी जवळच्या लोकांनाच दिसेल अशी एक यादी करता येते. ग्रेसीने मला त्या यादीत घेतलं होतं, आणि तिथे तिने काहीतरी टाकलंही होतं. काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं. मी ते उघडलं.

माझाच फोटो. हातात वही, तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले. नेमका "हो" म्हणतानाचा. खाली लिहिलं होतं:

"ह्या आमच्या दीदी. यांच्यासाठी प्रार्थना करा. नाव घेतलं तरी चालते."

मी उत्तरात "आमेन" लिहून पाठवलं. दुसरं काय लिहिणार?