अकरा विरुद्ध दहा

आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तिला सगळे ‘सरकार’ म्हणायचे. थट्टेनंच. ती आत आली की कुणीतरी म्हणायचं, सरकार आलं, गप्पा बंद. ती तोंड वाकडं करायची, पण नाव तिला आवडत होतं.

छापून आलेल्या मोठ्या कागदांना आम्ही फर्मे म्हणतो. त्यांना घड्या घालून द्यायच्या ताई, म्हणजे तिची मोठी बहीण, आणि दोऱ्यानं शिवायची सरकार. ताईंना आम्ही सगळेच ताई म्हणायचो, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. आई लवकर गेली तेव्हा ताईंनी शाळा सोडून कारखाना धरला आणि धाकटीला शिकवता येईल तेवढं शिकवलं. दोघींनी लग्न केलं नाही. दोन खोल्यांत एकत्र राहायच्या, एकत्र यायच्या, एकत्र जायच्या. मी पलीकडच्या टेबलावर पुठ्ठे कापायचे, म्हणून पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

एका वर्षी शाळेचं नागरिकशास्त्राचं पुस्तक बांधायला आलं. शिवता शिवता सरकार ते वाचू लागली. फर्मे काही क्रमानं येत नसत, त्यामुळे ती लोकशाही आधी शिकली, राजेशाही चार दिवसांनी, आणि भांडवलशाही नि समाजवाद अगदी शेवटच्या आठवड्यात. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून ती आम्हाला समजावून सांगायची. आपल्या कारखान्यात राजेशाही आहे, म्हणायची. मालक स्वभावानं चांगले आहेत, पण राजा चांगला असला म्हणून ती लोकशाही होत नाही. ताई हसून म्हणायच्या, आधी जेव, मग राज्य उलथ.

राज्य आपोआपच उलथलं. मालक थकले, मुलं परदेशी गेलेली, त्यांनी कारखाना मोडायला काढला. सगळे हातपाय गाळून बसले असताना सरकार उभी राहिली. आपणच चालवू या, म्हणाली. सहकारी संस्था करू. प्रत्येकाचा हिस्सा सारखा, प्रत्येकाला एक मत. एकानं विचारलं, आपणच मालक झालो तर रजा मागायची कुणाकडे? पण हसत हसत सगळे तयार झाले. आम्ही एकवीस जण होतो. नियम तिनंच लिहिले. त्यातला एक होता, मतदान गुप्त असेल आणि कुणी कुणाला मत विचारणार नाही. हात वर करायला लावले तर माणूस शेजाऱ्याचं तोंड बघून हात वर करतो, असं तिचं म्हणणं. अध्यक्ष म्हणून आम्ही तिलाच निवडलं.

नऊ वर्षं बरी गेली. मग पाठ्यपुस्तकांचं काम देणाऱ्यांनी कळवलं की इतक्या दिवसांत इतक्या प्रती हव्यात, जमत नसेल तर दुसरीकडे देऊ. हातानं घड्या घालून ते जमणारं नव्हतं. घडीचं मशीन आणायचं ठरलं तर हातानं घडी घालणाऱ्या चौघींना काम उरणार नव्हतं. त्या चौघींत ताई सगळ्यांत जुन्या. सभासदत्व राहील, मत राहील, फक्त टेबल जाईल, असा ठराव होता.

त्या आठवड्यात ताईंनी बोटांवर मतं मोजली. घडीवाल्या, शिलाईवाल्या, खळ लावणारे दोघे, बहीण आणि आखणीवाले. अकरा. म्हणजे निभावलं.

आखणीवाले म्हणजे वह्यांवर रेघा मारणारे गृहस्थ, अबोल, ताईंच्याच वयाचे. तीस वर्षं रोज चार वाजता आपल्या थर्मासमधला अर्धा चहा ते ताईंना देत. सभेत मात्र ते खरं बोलले, की मशीन आज नाही तर उद्या आणावंच लागेल. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

चिठ्ठ्या मोजल्या. मशीनच्या बाजूनं अकरा, विरुद्ध दहा.

ताईंना दुसरा हिशेब सुचलाच नाही. एक माणूस फुटला, आणि तो कोण हे उघड होतं. चार वाजता आखणीवाले कप घेऊन आले तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. ते एवढंच म्हणाले, ‘‘ताई, माझं मत तुम्हालाच होतं.’’ त्या म्हणाल्या, सगळे आता तेच म्हणतील. कप टेबलाच्या कडेवर तसाच राहिला. सरकार समोर सुईत दोरा ओवत होती. तिनं मान वर केली नाही.

कामाविना ताई खंगत गेल्या. वार्षिक सभेला एकदा आल्या, आपलं टेबल होतं तिथे मशीन पाहिलं आणि पुन्हा आल्या नाहीत. घरात मात्र आखणीवाल्यांचा विषय निघाल्याशिवाय दिवस जात नसे. तीस वर्षं चहा पाजून माझा गळा कापला, म्हणायच्या. रस्त्यात ते दिसले तर पलीकडच्या बाजूला जायच्या. अशी सहा वर्षं गेली आणि आखणीवाले वारले. ताई अंत्यविधीला गेल्या नाहीत. आम्ही गेलो. त्यांच्या बायकोनं सरकारचा हात धरून विचारलं, ‘‘तुमच्या ताई नाही आल्या? हे शेवटपर्यंत म्हणत होते, मी मत त्यांनाच दिलं, त्यांना कुणीतरी सांगा.’’

सरकार तिथून सरळ घरी गेली. ताई दुपारचं जेवण आटोपून भांडी विसळत होत्या. दारातच उभं राहून तिनं सांगितलं की मशीनच्या बाजूचं ते अकरावं मत माझं होतं. हे तिनं मला पुढे सांगितलं, शब्द न् शब्द. पंधरा-सोळा मतांनी ठराव होईल असं तिला वाटलं होतं. आपल्या एका मतानं काही बिघडत नाही, मग अध्यक्षानं बहिणीचं न बघता सगळ्यांचं बघावं, एवढ्याच विचारानं तिनं चिठ्ठी टाकली होती.

ताईंनी नळ बंद केला. ‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘मत गुप्त असतं, ताई.’’

‘‘मी तुझं मत विचारत नाहीये. सहा वर्षं मी त्या माणसाला तुझ्यासमोर शिव्या दिल्या. तू भाजी चिरत बसायचीस.’’

 

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आखणीवाल्यांच्या घरी गेल्या. माझं चुकलं, एवढंच म्हणाल्या. त्यांची बायको म्हणाली की आता मला सांगून काय होणार. तरी तिनं त्यांना आत बसवलं. तेव्हापासून ताई दर आठवड्याला तिच्याकडे जाऊन बसायच्या. बहिणीशी मात्र कामापुरतंच बोलायच्या. दार लाव. मीठ संपलंय. घर सोडून जायला दुसरी जागा नव्हती, त्यामुळे त्याच दोन खोल्यांत दोघी राहिल्या, एकीचं ताट आधी, दुसरीचं नंतर.

पुढच्या सभेत सरकारनं अध्यक्षपद सोडलं आणि आपलं मत सगळ्यांसमोर सांगितलं. खळ लावणारा एक जण चुळबुळत म्हणाला, नियमात हे बसत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि खाली बसली. त्या दिवशी तिला सरकार म्हणून कुणी हाक मारली नाही, आणि नंतरही फारशी नाही.

दोन वर्षांनी ताई गेल्या. शेवटचे दहा-बारा दिवस तीच त्यांचं सगळं करत होती. पाणी पाजताना ताई तिचा हात धरायच्या, पण उठून बसायला आधार हवा म्हणून. ती वाट बघत राहिली. ताईंनी शेवटपर्यंत पाणी नि पांघरूण एवढंच मागितलं.

महिनाभरानं ती पुन्हा कामावर आली. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, पुन्हा मतदान झालं तर काय करशील? तिनं डब्याचं झाकण लावलं, काढलं.

‘‘मशीन आलं नसतं तर कारखाना बंद पडला असता,’’ ती म्हणाली. ‘‘बाकीची सतरा घरं बसली असती. मत बरोबरच होतं गं.’’

आणि मग ती रडायला लागली, सगळ्यांसमोर, तोंडावर पदरही न घेता. मी तिच्याजवळ बसून राहिले. घंटा झाली तरी आम्हाला कुणी उठवलं नाही.