न वाजणाऱ्या ढोलावर डोलणारी घोडी

सरकारी ऑफिसात फायली साठतात, पण त्या कधीतरी रद्दीत जातात. किस्से रद्दीवालाही घेत नाही. निवृत्तीनंतर मी गडमुडशिंगीजवळच्या एका घोडेस्वारी शाळेचं ऑफिस सांभाळायला लागलो. वाटलं होतं, आता डोक्याला आराम. पण तबेला हेही शेवटी ऑफिसच असतं!

तिथली चंदा नावाची पांढरी घोडी पायाला लागल्यापासून शिकवणीतून सुटली आणि खोलीत बंद झाली. दिवसभर अर्ध्या दारातून मान काढून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे झुलायची. डोळे कुठेच नसायचे.

शिकायला येणाऱ्या मुलांच्या आया म्हणायच्या, "किती गोड! गाण्यावर डोलतेय!"

तबेल्यात रेडिओसुद्धा नव्हता.

मालक बापूसाहेबांना ते झुलणं बघवायचं नाही. एकदा ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, दसऱ्यापर्यंत हिचं हे थांबलं तर ठीक. न्हायतर मी घोडी इकून मोकळा!"

घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार दस्तगीरने चंदाचं अंग घासायचा खरारा खाली ठेवला. चंदाला शिंगरू असल्यापासून त्यानेच वाढवलेलं.

* * *

पहिला उपाय बापूसाहेबांचाच. दाराच्या चौकटीला दोन विटा दोरीने टांगल्या. झुलली की तोंडावर बसेल, मग आपोआप शहाणी होईल!

चंदा शहाणी झाली. एक पाऊल मागे सरकली आणि आत झुलायला लागली.

विटा मात्र अजिबात हलत नव्हत्या. तेवढा उपाय लागू पडला.

* * *

मग शेजारच्या खोलीतला राजा दाराची कड दातात धरून हवा गिळायला लागला. ढेकर दिल्यासारखा आवाज ऑफिसपर्यंत यायचा.

"लागण झाली!" बापूसाहेब ओरडले. "हिचं बघून त्यो शिकला!"

लगेच दोघांच्या मध्ये प्लायवूड ठोकलं. आमच्या जुन्या ऑफिसात एका साहेबांनी जांभया पसरू नयेत म्हणून टेबलांमध्ये असंच पार्टिशन घातलं होतं. जांभया थांबल्या नाहीत, दिसेनाशा झाल्या.

राजाचं गिळणं सुरूच राहिलं. चंदा मात्र आता झुलून दमली की खोलीत गोल गोल फिरायची. दसरा जवळ आला होता. दस्तगीर जेवणाचा डबा न उघडताच घरी न्यायला लागला.

* * *

शेवटी मी हट्ट धरून डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

"दिवसभर ही काय करते?"

"उभी असती," बापूसाहेब म्हणाले.

"आणि खायला?"

"सकाळी खुराक, सांजच्याला खुराक. एक नंबर!"

"मधल्या वेळात काय करायचं तिनं? पेपर वाचायचा?"

बाईंनी समजावलं. घोडं दिवसभर चरणारं, कळपात राहणारं जनावर. त्याला एकटं कोंडलं, तोंडाला वैरण ठेवली नाही, की ते असं काहीतरी करत बसतं. राजाला लागण झालेली नाही, त्यालाही तीच शिक्षा झालीय.

"ते ऱ्हाऊ दे. औषध लिवा की!"

बाईंनी लिहिलं : दिवसभर वैरण, मोकळं मैदान, सोबत.

बापूसाहेबांनी चिठ्ठी उलटीपालटी केली. "ह्यातलं मेडिकलात काय मिळतंय?"

त्याच संध्याकाळी त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला.

* * *

गिऱ्हाईक कोडोलीचं. लग्नाच्या वरातीत घोडी नाचवणारा माणूस. फोनवर बापूसाहेबांनी सांगितलेलं, "न शिकवता नाचती!"

तो आला तेव्हा चंदा शांतपणे वैरण खात होती. तिच्या पोटाला टेकून एक रेडकू उभं होतं.

"ह्ये काय?" बापूसाहेब.

"आपल्या डेअरीतलं नर रेडकू. दुधाच्या कामाचं न्हाय म्हणून कुणालातरी देऊन टाक म्हटलासा न्हवं," दस्तगीर म्हणाला. "दिलं की. चंदाला."

"भाईर काढ त्याला!"

दस्तगीरने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत बसलो. दुसरं काय करणार? त्याने रेडकाच्या गळ्यात दोरी घातली, ओढत बाहेर आणलं. ते रेकायला लागलं.

चंदाची मान दारातून बाहेर आली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"बघा पावणं!" बापूसाहेब खुलले. "हाय का न्हाय?"

पाहुणा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मालक, आमच्या घोड्या ढोल थांबला की थांबत्यात. हिचा ढोल कुठं वाजतोय?"

दस्तगीरच्या हातातली दोरी सुटली, की त्याने सोडली, मला दिसलं नाही. रेडकू धावत आत गेलं. चंदाने मान आत घेतली.

पाहुण्याने गाडीला किक मारली आणि नमस्कारही न करता निघून गेला.

बापूसाहेब तिथेच उभे होते. पलीकडे राजा दाराची कड धरून हवा गिळत होता. एकदा. पुन्हा एकदा.

"दस्तगीर," बापूसाहेब त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "डेअरीत आनी एखादं रेडकू हाय काय रं?"