अर्धी ओळ पुढे

अण्णा गेल्याचं मला आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सोनेरी ढग, दोन कबुतरं, मधे शांतवनअण्णांचा चेहरा, तोही एक कान कापला गेलेला, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘चॅनेल सबस्क्राइब करायला विसरू नका!’ कुठल्या निर्लज्जानं हे केलं म्हणून शिवी ओठावर आली, आणि मग आठवलं... मंडळीच्या प्रत्येक पोस्टरखाली ते वाक्य आपोआप उमटावं, ही सोय करणारा निर्लज्ज मीच. पेढे तेवढे वाटायचे राहिले होते.

पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरात आलो, तेव्हा इथल्या शिवाजीनगरजवळच्या एका चर्चमध्ये रविवारी दुपारी, तमिळ मंडळींची उपासना आटोपली की, आमची मराठी उपासना भरायची. माणसं थोडी, बाकं जास्त. मी कॉम्प्युटरवाला, आल्या आल्या सगळ्यांचा उद्धार करायला निघालो. थेट प्रक्षेपण, छोटे व्हिडिओ, रोज सकाळी मोबाइलवर वचन... आमचे सचिव विल्यमराव हरखूनच गेले. पाळकसाहेबांच्या प्रवचनापेक्षा पाहणाऱ्यांचा आकडा ते जास्त भक्तिभावानं बघत. ‘रीच वाढला पाहिजे,’ हे त्यांचं आमेन. आज तो शब्द ऐकला तरी तोंड कडू होतं. त्यांना तो शिकवला कुणी, हे विचारू नका.

या रीचच्या आड येत होता अण्णांचा गळा. अण्णा निवृत्त शाळामास्तर, जन्म इथलाच, मराठीत कन्नड सढळ हातानं कालवलेली. गाताना ते सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे असायचे. विचारलं तर म्हणायचे, “मागं राहिलं की झोप येते रे.” मी माइक फिरवला, गोंगाट गाळणारं सॉफ्टवेअर लावलं, आणि अण्णांना अलगद गाळून टाकलं. पंखा, रिक्षांचे भोंगे आणि अण्णा, एका फटक्यात साफ! खाली अभिप्राय आले, ‘साउंड एकदम क्लिअर.’ मी आठवडाभर छाती काढून हिंडलो.

मग एकदा अण्णा मला मल्लेश्वरमला घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नी रूथअक्का कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. उशाशी स्टीलच्या लोट्याला टेकवलेला मोबाइल, रविवारची उपासना बघायला. कॉफी हातात पडायच्या आत अक्कांनी मला पकडलं.

“खरं सांग रे, हे चर्चला येतात, का बाहेर डोसा खाऊन परत येतात?”

“अगं, पहिल्या बाकावर तर असतो मी!” अण्णा म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. गाण्यात कुठंच ऐकू येत नाहीत हे. लग्नापासून हे पुढं पळणार आणि मी शेजारी बसून मागं ओढणार. आता इथनं गात ओढते. पण दोरीच कापली कुणी, तर काय ओढू?”

अण्णांनी हळूच मला डोळा मारला. त्यांना सगळं ठाऊक होतं. मास्तरच ते, वर्गात उभं न करता पोराला घरी आणून, कॉफी पाजून शिक्षा करत होते.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या बाकाखाली वेगळा माइक बांधला आणि साउंड मिक्सरवर त्याच्या बटणाखाली चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘अण्णा’. विल्यमराव भडकले. “एका बाईसाठी सगळं बिघडवतोस? प्रेक्षक पळतील!”

“प्रेक्षक?” अण्णा मागून म्हणाले. “तमाशा लावलाय काय इथं? मल्लेश्वरमच्या एका खाटेपर्यंत पोचेना, आणि न्यूयॉर्कला काय पोचता? स्वल्प विचार करा, राव.”

दफनाच्या दिवशी अक्कांना चर्चला आणता येईना. त्या घरूनच बघणार होत्या. आणि त्यांना दिसत काय होतं? शवपेटीवरून तरंगत वर जाणारे लाइकचे लाल बदाम, कडेला सबस्क्राइबची हलणारी घंटा. माझ्या कानाशी विल्यमराव: “चेहऱ्याचा क्लोजअप घे. आज रेकॉर्ड होणार!” शिसारी आली... त्यांची, त्या बदामांची, आणि माणूस गेला तरी फ्रेम सरळ आहे का बघणाऱ्या माझी. निदान ती घंटा तरी काढावी म्हणून घाईनं बटण दाबलं, आणि अर्थातच चुकीचं दाबलं. ढोल-गिटारसह आमची सुरुवातीची धून दणाणली, आणि माझाच उत्साही आवाज सगळ्या चर्चभर: “नमस्कार, आपलं हार्दिक स्वागत!” पाळकसाहेब प्रार्थनेच्या मधोमध थांबले. पेटीतले अण्णा तेवढे शांत होते.

काही दिवसांनी मान खाली घालून अक्कांकडे गेलो. मला बघताच त्या हसू लागल्या, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. “ते वाजलं ना, तेव्हा वाटलं, आत्ता हे हवे होते रे. काय हसले असते!” मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “पण गाणं काय म्हटलंत ते? सगळे एकदम, एका सुरात. कुणाला ओढू मी?”

विल्यमरावांना आता बाकाखालचा तो माइक गायकमंडळींसाठी हवा आहे. वायर खराब आहे, प्लग सैल आहे, असं काहीबाही मी दर रविवारी देवाच्या घरात बसून ठोकून देतो. आवाज हल्ली अगदी क्लिअर असतो, एकेकाळी मला हवा होता तस्सा. ऐकवत नाही. गेल्या रविवारी पहिल्या गाण्याआधी अक्कांचा फोन आला.

“ह्यांचा माइक चालू आहे ना?”

“आहे, अक्का.”

“सरी, ठीक. आता मीच पुढं पळते. बघू, हे मागं ओढतात का.”

फोन ठेवून मी ‘अण्णा’ लिहिलेलं बटण वर सरकवलं. हेडफोनमध्ये रिकाम्या बाकावरच्या पंख्याची घरघर आली. ती मी गाळत नाही.