पायस सुताराने न केलेली खिडकी

पायस सुतार डाव्या हाताने मारायचा, आणि सणसणीत मारायचा. ताडीच्या गुत्त्यात, बाजारात, एकदा तर मिस्सा सुटल्यावर थेट चर्चच्या पायऱ्यांवर. जो कोणी "धोंडीबाचं भूत" असं म्हणेल त्याच्या थोबाडावर त्याची डावी मूठ बसायची. उजव्या हाताची बोटं वाळक्या शेंगांसारखी वाकडी झालेली होती, त्यांची मूठ वळत नसे. अठराशे ऐंशीच्या सुमाराला ठाण्यात निदान चौघांचे दात त्याच्यापायी गेले होते. लोक त्याला चक्रम म्हणत. खरं तर एरवी तो इतका गरीब माणूस होता की गिऱ्हाइकाशी घासाघीस करायचीसुद्धा त्याला लाज वाटायची.

हा हात आधी असा नव्हता. त्या हाताने केलेला दरवाजा चौकटीत बसला की पुन्हा तासावा लागत नसे, अशी त्याची ख्याती होती. म्हणूनच ठाकुर्लीच्या टेकडीवरच्या फेंटन साहेबाने त्याला बोलावणं धाडलं. हा फेंटन दगडखाणीचा ठेकेदार. टेकडीवर त्याचा दुमजली बंगला होता, कोपऱ्यात टोकदार मनोरा, खिडक्यांना रंगीत काचा, विलायतेतून उचलून आणून ठेवल्यासारखा. आसपासचे लोक त्याला मडमेचा बंगला म्हणत आणि दिवेलागणीनंतर तिकडून जायचं टाळत. फेंटनच्या आधी तिथे दुसरा साहेब राहत होता. त्याची बायको वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मेली, कशाने ते कुणाला कळलं नाही. पण त्या खोलीच्या लहान खिडकीत तिचा पांढराफटक चेहरा दिसतो हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. न बघितलेल्यांना तर अधिकच.

फेंटनला आपल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी बाहुलीघर हवं होतं, आणि तेही ह्याच बंगल्यासारखं हुबेहूब. पायस बायकोला घेऊन टेकडीवर राहायला गेला. लुसी आया म्हणून मुलीला सांभाळू लागली आणि पायस सागाच्या फळ्या घेऊन तबेल्यात बसला. फुटाला एक इंच असं माप धरून त्याने अख्खा बंगला दोरीने मोजला. जिन्याच्या पायऱ्या, कठड्याचे दांडे, मनोऱ्याची कौलं, सगळं मोजून मापून. दर्शनी भिंत बिजागरीवर उघडायची आणि आतल्या खोल्या उघड्या पडायच्या. चार महिने तो त्या कामात असा बुडाला होता की जेवायला हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

एका संध्याकाळी लुसी त्याच्याजवळ येऊन बसली. तिला दिलेली खोली हीच ती मडमेची खोली होती. तिची लहान खिडकी मागच्या सज्ज्यात उघडायची. सज्ज्यात जायला त्या खोलीतून दार नव्हतं, काय ती एवढीच खिडकी.

"ती खिडकी करू नको," लुसी म्हणाली.

"का गो?"

"केलीस तर ती बाय तिथं येऊन बसेल. पोर खेळनार हाय ह्या घराशी. बसायला जागाच नाय ठेवली तर येईल कटे?"

पायस हसला. पण मनातून त्यालाही भीती होतीच, आणि पोर गोड होती. त्याने तेवढी एक खिडकी गाळली आणि तिथे सपाट फळी ठोकली. घर पुरं झालं तेव्हा फेंटनने बोट फिरवत फिरवत एकेक खोली तपासली आणि त्याचं बोट बरोबर त्या फळीवर थांबलं.

"खिडकी किधर?"

"साहेब, वो मडम," पायस म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

फेंटन खदखदून हसला. त्याने पायसच्या पाठीवर जोराची थाप मारली, आणि रात्री जेवायला आलेल्या पाहुण्यांना हा किस्सा रंगवून सांगितला. पायसला वाटलं, चला, साहेब दिलदार आहे.

ह्या दिलदार साहेबाच्या शेजघरात पंखा होता, छताला टांगलेली कापडाची लांब झालर. तिची दोरी भिंतीतल्या भोकातून मागच्या सज्ज्यात यायची, आणि सज्ज्यात बसून ती ओढायचं काम धोंडीबाचं. धोंडीबा टिटवाळ्याकडचा, पन्नाशीचा, हिवतापाने पिचलेला माणूस. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून तो आडवा पडायचा आणि पाय हलवत राहायचा. मे महिना होता. दुपारी पाय थांबला. धोंडीबाला डुलकी लागली होती.

लुसी मुलीला निजवत होती. तिने खिडकीतून पाहिलं ते असं. फेंटन बूट घालून, हातात चाबूक घेऊन सज्ज्यात आला आणि त्याने काही न बोलता धोंडीबाच्या पोटात लाथ घातली. धोंडीबा जागा झाला आणि त्याने पहिली गोष्ट काय केली, तर दोरी ओढली. अजून ओढतोय हे साहेबाला दिसावं म्हणून दोन्ही हातांनी भराभर ओढली. फेंटनने दुसरी लाथ घातली, मग तिसरी. लुसीने सातापर्यंत मोजल्या आणि पुढे तिला मोजवेना. धोंडीबा "ओढतो साहेब, ओढतो साहेब" म्हणत होता. मग फेंटनने चाबकाच्या मुठीने त्याच्या तोंडावर मारलं आणि ते शब्द थांबले. तोंडातून रक्त आलं, काळं. हात दोरीवर तसाच होता. फेंटनने ती दोरी कापली, धोंडीबाला बखोटीला धरून मागच्या जिन्यावर नेलं आणि ढकलून दिलं. लुसीने ह्या सगळ्या वेळात मुलीचे डोळे आपल्या हाताने झाकून ठेवले होते. स्वतःचे झाकायला तिच्याकडे हात उरला नव्हता.

खाणीवरचा डॉक्टर आला, त्याने दोन बोटांनी पोट दाबून पाहिलं आणि लिहिलं की जिन्यावरून पडला, तापाने पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजलेली होती ती फुटली. अंधार पडायच्या आत खाणीवरच्या माणसांनी धोंडीबाला जाळूनही टाकलं. त्याची बायको मालन दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिला राख दाखवली. तीही धड कुणाची ते सांगायला कोणी थांबलं नाही. आणि त्याच दिवशी खाणीवरचा गवंडी येऊन आयाच्या खोलीतली खिडकी विटांनी बुजवून, वर चुना मारून गेला.

लुसी गप्प बसली नाही. ती पायसला म्हणाली, "मी बघितलंय. मी बोलनार." पायस तिच्याबरोबर निघाला. पाटलाने हात जोडले. शेवटी ठाण्याच्या पाद्रीबाबाने अर्ज लिहून दिला आणि फिरतीवर असलेल्या एका गोऱ्या मॅजिस्ट्रेटने तळ्याकाठच्या तंबूत चौकशी लावली. टेकडीपर्यंत उन्हात जाऊन जागा बघायचा त्याला कंटाळा होता. फेंटनच्या वकिलाने त्याची ती अडचण दूर केली. बाहुलीघर बैलगाडीत घालून तंबूत आणलं आणि टेबलावर ठेवलं.

लुसीची साक्ष झाली, मग पायसला उभं केलं. मालन एका कोपऱ्यात जमिनीवर बसली होती.

"हे तू बनवलंस?" वकिलाने विचारलं.

"हो."

"मापाने?"

"फुटाला इंच."

"मापात काही चूक?"

इथे पायसमधला सुतार बोलून गेला. आयुष्यात कुणी त्याच्या मापावर बोट ठेवलं नव्हतं. "माझ्या मापात चूक नसते," तो ताठ मानेने म्हणाला. कारकुनाने ते लिहून घेतलं. मग वकिलाने दर्शनी भिंत उघडली, आयाच्या खोलीवर काठी टेकवली आणि शांतपणे विचारलं, "मग तुझ्या बायकोने बघितलं ती खिडकी दाखव."

ती खिडकी करू नको म्हणून लुसीनेच सांगितलं होतं. पायस अडखळत सगळं सांगू लागला. मडमेचं, लुसीच्या भीतीचं, साहेबाच्या हसण्याचं. फेंटन समोरच बसला होता, त्याने फक्त खांदे उडवले. तंबूतले गोरे हसले आणि त्यांचं बघून काळेही हसले. पायस म्हणाला, जाऊन बघा, भिंतीवरचा चुना अजून ओला असेल. मॅजिस्ट्रेट म्हणाला, पावसाळ्याच्या आधी सगळ्याच घरांना चुना लागतो. मग त्याने लुसीवर खोट्या साक्षीचा खटला भरायला सांगितलं आणि दोन शिपाई तिच्या दंडाला धरून तिला ओढू लागले.

सुतार कामावरून तसाच आला होता. कमरेला लाकूड कोरायचं किंकरं खोचलेलं होतं, अंगठ्याएवढ्या रुंद पात्याचं. ते त्याने उपसलं तेव्हा सगळ्यांना वाटलं आता हा साहेबाला भोसकणार, आणि फेंटन खुर्चीसकट मागे पडला. पायसने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बाहुलीघरावर वाकला आणि त्या फळीत खिडकी पाडू लागला. पहिली काठी त्याच्या पाठीत बसली. तो थांबला नाही. दुसरी मानेवर, तिसरी कानशिलावर. डोळ्यांत रक्त उतरलं, तो चाचपून चाचपून कापत राहिला, दीड इंच आडवी, दोन इंच उभी, बरोबर मापात. एका शिपायाने त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि दुसऱ्याने बंदुकीच्या दस्त्याने बोटं ठेचली. एकदा नाही, किंकरं सुटेपर्यंत. पण तोवर फळीचा तुकडा पलीकडे सज्ज्यात पडला होता.

"आता बघा," पायस म्हणाला.

मॅजिस्ट्रेट उठला, वाकला, आणि त्याने त्या भोकाला एक डोळा लावला. समोर सज्जा होता, अख्खाच्या अख्खा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो बराच वेळ वाकलेला होता हे सगळ्यांनी पाहिलं. मग तो सरळ झाला, त्याने रुमालाने हात पुसले आणि कारकुनाला लिहायला सांगितलं की साक्षीदाराने पुराव्याच्या वस्तूची मोडतोड केली.

लुसीला तीन महिन्यांची कैद झाली, पायसला एक वर्ष सक्तमजुरी. ठेचलेल्या हाताने त्याने खडी फोडली आणि तो हात कायमचा गेला. बाहेर आला तेव्हा फेंटन मुलीला घेऊन विलायतेला निघून गेला होता. बंगल्याला कुलूप होतं. आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोक मिटक्या मारत सांगत होते की भर दुपारी त्या बंगल्यात पंख्याची दोरी करकरते, धोंडीबाचं भूत पंखा ओढतं.

पायसचं डोकं फिरलं ते तिथे. तुरुंगात वर्षभर त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. ती मडमही कुणाच्या तरी हातूनच मेली असेल, हे त्याला तिथे खडी फोडताना उमगलं होतं. तिचं भूत केलं आणि गाव मोकळं झालं, कुणी विचारायला गेलं नाही. त्यात तोही होता, लुसीही होती. भुताला घाबरून त्याने खिडकी गाळली आणि मारणारा सुटला. आता धोंडीबाचंही तेच चाललं होतं. म्हणून तो मारायचा. "भूत नाय, खून," असं म्हणत मारायचा. लुसी डाव्या हाताने करायची कामं त्याला हळूहळू शिकवत होती, पण ह्या कामाला शिकवणी लागली नाही.

असं पाचेक वर्षं चाललं. मग एके दिवशी सकाळी मालन त्याच्या दारात येऊन उभी राहिली. केस पांढरे झालेले, पायी चालत आलेली. लुसीने तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही.

"पायसदादा," ती म्हणाली, "लोक म्हनतात त्यो तिथं दिसतो. मला न्या."

पायसची डावी मूठ वळली. सवयच ती. लुसीने ते पाहिलं आणि ती मधे आली.

"तिथं कोन नाय मालन," पायस म्हणाला. "त्याला मारला. त्यो भूत नाय झाला."

"मारला ते मला ठावं हाय," मालन म्हणाली. "तुमचा हात मोडताना मी तिथंच व्हते. पर मला त्याचं तोंड बघाया मिळालं नाय. त्यो तिथं नाय, तर मग कुटं हाय?"

पायसने अंगरखा चढवला.

टळटळीत दुपारी ते बंगल्याच्या मागच्या जिन्याने वर गेले. सज्ज्यात पाचोळा साचला होता. जिथे धोंडीबा पडायचा ती जागा पायसने दाखवली. मालन तिथून चार हात अंतरावर बसली, पदर सावरून, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. पायस जिन्यावर थांबला. ऊन सज्ज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं तरी ती हलली नाही. शेवटी ती उठली आणि आवाज न करता, पाऊल जपून टाकत जिन्याकडे आली.

"दिसला?" पायसने विचारलं.

तिने मान डोलावली. "झोपला हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मी उठवला नाय."