मानाचे कपडे

माझ्या साडूइतका संतापजनक माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा जन्मलेला नाही, आणि जन्मला असलाच तर त्याची माझी गाठ पडू नये. हा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वयाने पन्नाशी ओलांडलेला, वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, हळदीची आडत. हळदीचा मोंढा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, तिथे हमालापासून चहाच्या कपापर्यंत सगळं पिवळं होतं. त्या मोंढ्यात हा गृहस्थ पांढरीशुभ्र लिननची पँट घालून उभा असतो. अंगात निळं जाकीट, पायात तपकिरी लोफर, डोळ्यांवर गॉगल, आणि जाकिटाच्या वरच्या खिशात घडीचा रेशमी रुमाल. हळकुंड मोडून बघतो तेही दोन बोटांच्या टोकांनी, आणि बोटं पुसायला पँटच्या खिशातून वेगळा रुमाल काढतो. वरचा रुमाल पुसायला नसतो म्हणे. मग तो तिथे कशाला, असं मी एकदा विचारलं. तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाला, "सर, तुमी मिशा काहून ठेवल्या?" मी शाळेत गणित शिकवतो, उत्तर न येणारा प्रश्न मला सहन होत नाही.

स्वतः नटतो तर खुशाल नटावं, माझी काही हरकत नाही. पण चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाच्या कपड्यांचा मक्ता आपल्याकडेच आहे अशी त्याची समजूत आहे. हिंगोलीच्या बसस्टँडवर एका अनोळखी माणसाला त्याने धरलं आणि सदऱ्याच्या खिशातलं पेन, कंगवा, चष्म्याचं घर, तंबाखूची डबी असं सगळं बाहेर काढायला लावून खिसा म्हणजे पोतं नव्हे हे समजावून सांगितलं. तेवढ्यात त्या माणसाची बस निघून गेली. साडूने शांतपणे गॉगल चढवला आणि त्या माणसाच्या शिव्या मी खाल्ल्या. माझे वडील गेले तेव्हा तेराव्याला हा आला, मला मिठी मारली. मला भरून आलं होतं. तर माझ्या कानात म्हणतो, "सर, बगलेत दाटून राहिला ना हा सदरा?" सदरा दाटत होता ही गोष्ट खरी. पण ती बोलायची ती वेळ होती का?

त्याचा खरा दावा मात्र आहेरातल्या शर्टपिसांवर. आमच्याकडे लग्न असो की तेरावं, पुरुष माणसाला टॉवेल-टोपी आणि शर्टपीस देतात. तो पीस कपाटात जातो, पुढच्या लग्नात दुसऱ्याला जातो, असा गावोगाव हिंडत राहतो. एकदा साडूने अशा एका शेणकट रंगाच्या पिसाच्या काठावर बारीक फुली मारून तो आहेरात दिला. काही वर्षांनी तोच पीस मी त्याला दिला. सगळ्या पाहुण्यांसमोर त्याने ती फुली मला दाखवली. आणि कुणी चुकून पीस शिवायला टाकलाच तर माप कोण देतो? जुना सदरा टेलरकडे नेऊन द्यायचा, त्यावरून नवा बेततात. "म्हंजे पहिल्या सदऱ्यात जी चूक झाली ती माणूस जलमभर घालून राहिला," हे साडूचं म्हणणं, आणि हे म्हणताना त्याचा आवाज खरोखर रागाने कापतो.

हे सगळं मी सोसत आलो. पण स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याने जो घोळ घातला तो आठवला की आजही माझं डोकं तडकतं. एकुलती एक पोर, आई ती कॉलेजात असतानाच गेलेली. शिरड शहापूरचं स्थळ आलं. घर शेतकऱ्याचं, मुलगा शिकलेला, आणि मुख्य म्हणजे पोरीला तो मनापासून आवडलेला. बैठक त्यांच्याच ओसरीवर बसली. सगळं गोडीने चाललं होतं. मानपानाचा विषय निघाला तसा साडू म्हणाला, "मानाचे कपडे म्हनून मी पीस देनार न्हाई." मी त्याचा हात दाबला. त्याने तो सोडवून घेतला, खिशातून टेप काढली आणि मुलाच्या चुलत्यांपुढे जाऊन उभा राहिला. "चाळिशीच्या वरच्या समद्या मानसांना मी मापाचे कपडे शिवून देनार. तुमी उभं ऱ्हा. तुमचं पोट लपवायचं काम जरा तकलीफीचं हाय, पन व्हतंय."

चुलते उभे राहिले, पण माप द्यायला नाही. "आमी काय उघडे फिरतो का? पोरीचा बाप बैठकीत आमचं पोट मोजून राहिला," असं म्हणून ते आत गेले. त्यांच्यामागे बाकीचे गेले. थोड्या वेळाने निरोप आला, विचार करून कळवतो. या 'कळवतो'चा अर्थ न कळायला आम्ही काही परदेशातून आलो नव्हतो.

घरी आल्यावर पोर जेवली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, पप्पांना बोलू नका. पण हे मोडू देऊ नका." बोलू नका म्हणे. मी घसा बसेपर्यंत बोललो. टेप काढून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी चारचौघांसारखे कपडे घालून माफी मागायला चला, असं बजावलं. तो आला. आहेरातलाच एक ढगळ पांढरा सदरा, खिशात रुमाल नाही, पायात चपला. मला हवं होतं तसंच झालं होतं, तरी त्याच्याकडे बघवेना. मोटारसायकल सुरू होईना तर मी तिलाही शिव्या दिल्या.

ओसरीवर साडूने हात जोडले. चुलते छताकडे बघत बसले. मुलाचे वडील मात्र अबोल माणूस, आदल्या दिवशीही ते काही बोलले नव्हते. वर्षानुवर्षं पाठीवर फवारणीचा पंप वागवून त्यांचा एक खांदा उतरला होता. त्यांनी साडूला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "टेप काहून आनली न्हाई?"

"सरांनी काढून घेतली."

"माझा सदरा एका बाजूनं लोंबतो," ते म्हणाले. "माझ्या लग्नातला कोट बी पाठीमांगं टाचून घातला व्हता. आजपस्तोर कुनी माप घेतलं न्हाई. तुमी घ्या."

टेप नव्हती. शेवटी गोठ्यातून सुतळी आणली. साडू एकेका खांद्याचं, एकेका बाहीचं वेगळं माप घेत गाठी मारत होता, आणि सुतळीचं दुसरं टोक धरायला मी. व्याही डोळे मिटून उभे होते. सगळं झाल्यावर चुलत्यांनी खाकरून विचारलं, "पोट खरंच लपतं का?"

लग्न लागलं. शिरडची सगळी वयस्कर मंडळी मापाचे सदरे आणि गर्द रंगांची जाकिटं घालून मांडवात अशी ताठ बसली होती की बायका पुन्हापुन्हा वळून बघत होत्या. व्याह्यांचे दोन्ही खांदे सारखे दिसत होते. मी कोपऱ्यात धुमसत होतो. लग्न वाचवलं मी, सुतळी धरली मी, आणि माझं माप घ्यायचं मात्र या गृहस्थाला सुचलं नाही. तेवढ्यात साडूने एक पिशवी माझ्या अंगावर टाकली. "घाला लवकर." आत गडद हिरवं जाकीट होतं. ते अंगात घातलं तर कुठे दाटेना, कुठे लोंबेना. इतकी वर्षं हा माणूस माझ्याकडे रागाने बघत होता, असं मला वाटत आलं होतं.

आता पोर सासरी सुखात आहे. साडू रविवारी हिंगोलीला माझ्याकडे येतो, चहा पितो, बाहेर बघत बसतो. माझ्या कपड्यांबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि याचा मला जेवढा राग येतो तेवढा आधी कधी आला नव्हता. परवा तर मी मुद्दाम सदऱ्याची बटणं खालीवर लावून त्याच्यासमोर बसलो. बराच वेळ त्याचं लक्षच नव्हतं. मग तो उठला, जवळ आला, आणि एकेक बटण सोडून पुन्हा नीट लावू लागला. गळ्याशी आल्यावर त्याचा हात थांबला. "घरात आता सांगायला कोनी न्हाई सर," तो म्हणाला. "तुमी तरी वसमतला येत जा."