हात टेकायचं दार

आमच्या कारखान्यातले चाचा कुणाच्याही घरी गेले की आत पाऊल टाकण्याआधी दार दोनदा उघडून बंद करून बघत. यजमान उंबऱ्याशी "या, या" करत उभा असायचा आणि चाचांचं त्याच्याकडे लक्षच नसायचं. मान किंचित तिरकी, कान बिजागरीकडे. मग ते यजमानालाच म्हणत, "परत एकदा उघडा बरं." तो बिचारा स्वतःच्या घराचं दार पाहुण्याच्या हुकमावरून पुन्हा उघडायचा. चाचांचं समाधान झालं तर ठीक. नाही झालं तर शर्टाच्या खिशातून डोळ्यांच्या औषधाची छोटी बाटली निघायची. तिच्यात औषध नसे, मशीनचं तेल असे. वरच्या बिजागरीला दोन थेंब, खालच्या बिजागरीला दोन थेंब. त्यानंतरच चपला निघायच्या.

माझ्या लग्नात सासुरवाडीकडून लोखंडी कपाट आलं होतं. मांडवात सगळे कपाटाच्या रंगाचं कौतुक करत होते. चाचांनी ते पाच वेळा उघडलं, पाच वेळा लावलं आणि माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "पावणं, वरची बिजागरी रुसलीय." सासऱ्यांना वाटलं, वरपक्षातलं कुणी तरी मानपानावरून रुसलंय. ते घाबरून माझ्या वडिलांकडे धावले. तोवर चाचांनी खिशातला पेचकस काढून काम उरकलं होतं आणि ते पंगतीला जाऊन बसले होते. ते कपाट आजही आमच्याकडे आहे आणि त्याचं दार आजतागायत कधी कुरकुरलेलं नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. सगळ्या जगातली एकच वस्तू ज्याला नीट दिसते, असा. आपण त्याला हसतो, आणि पुढे कधीतरी आपलं आपल्यालाच ओशाळायला होतं. माझं तसंच झालं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आळेफाट्याच्या थोडं पुढे पत्र्याच्या एका शेडमध्ये आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन प्रेस, एक ड्रिल आणि दहा-बारा माणसं. घरगुती कपडे धुण्याच्या मशीनच्या दारांच्या बिजागऱ्या आम्ही बनवून एका मोठ्या कंपनीला द्यायचो. मी डिप्लोमा करून तिथे ताजा ताजा लागलो होतो. ड्रॉइंग काढणं माझ्याकडे होतं आणि त्याचा मला फार तोरा होता. चाचा साचे बनवत. जुन्नरच्या बाजारात त्यांच्या घरचा पत्र्याच्या पेट्यांचा धंदा होता. तो बसला तेव्हा ते आमच्याकडे आले. शाळा चौथीपर्यंत झालेली.

त्यांना ड्रॉइंग वाचता येत नसे, असं मी समजत होतो. खरं तर त्यांना त्याची गरज पडत नसे. ते जुन्या लग्नपत्रिका जमवत. जाड, खरखरीत कागदाच्या. बिजागरीचा विचार डोक्यात आला की पत्रिका कापायची, दुमडायची, पिनच्या जागी उदबत्तीची काडी घालायची आणि उघड-मीट करून बघायची. लगीनसराईत त्यांचं काम जोरात चाले. त्यांच्या टेबलावर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असं छापलेल्या बिजागऱ्यांची रांग लागलेली असायची. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

त्याच सुमाराला पुढून गोल काचेचं दार असलेली मशीनं बाजारात येऊ लागली. नारायणगावच्या द्राक्षबागायतदारांनी घेतली, मंचर-घोडेगावच्या मास्तर लोकांनी घेतली. त्या दारांच्या जस्ताच्या ओतीव बिजागऱ्या आमच्याकडूनच जात होत्या, आणि सहा महिन्यांत त्या मोडून गोणपाटातून परत येऊ लागल्या. सगळ्या एकाच जागी तडकलेल्या. कंपनीचं पत्र आलं: कारण शोधा, दोन महिन्यांत न मोडणारी बिजागरी द्या, नाहीतर काम दुसरीकडे जाईल.

शेठनी मला बोलावलं. म्हणाले, "राव, तुमी शिकलेले. कायबी लिव्हा, पन काम जाऊ देऊ नका. ह्या शेडवर दहा-बारा चुली पेटत्यात."

मी लिहिलं. इंग्रजीत, तीन पानं. धातू बरोबर आहे, मापं बरोबर आहेत, ग्राहक दारावर नको तेवढं वजन टाकतात, सबब चूक वापरणाऱ्याची. शेठ खूश झाले. सोमवारी कागद टाइप होऊन जायचा होता.

चाचा चहाचा ग्लास घेऊन माझ्या टेबलाशी आले. "काय लिवलंय ते मराठीत सांगा, इंजिनेरसाब."

मी सांगितलं.

"म्हंजी बायांची चूक?"

"हो ना चाचा. त्या दारावर भार टाकतात, त्याला आपण काय करणार?"

"कवा टाकत्यात?"

मला माहीत नव्हतं.

"तुमी बगितलं का टाकताना?"

मी बघितलं नव्हतं. चाचांनी शांतपणे चहा संपवला. "मंग कागद खिशात ऱ्हाऊ द्या. सोमवारला अजून चार दिस हायेत."

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून ते निघाले. पहिली तीन घरं फुकट गेली. कंपनीची माणसं आलीत म्हटल्यावर बायका दार असं अलगद उघडत की जणू काचेच्या बांगड्या चढवतायत. मी मनातून खूश होतो. चाचा प्रत्येक ठिकाणी "परत एकदा उघडा बरं" म्हणत आणि मान हलवत बाहेर येत.

चौथं घर घोडेगावला, एका मास्तरांचं. मशीन मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशेजारीच ठेवलेलं. ते लावत असत मास्तरांच्या आई. साठी उलटलेल्या, ठणठणीत आवाजाच्या. त्यांनी पाट ओढला आणि मशीनपुढे मांडी घालून बसल्या.

मास्तर ओशाळले. "आई, ते उभ्यानं लावतात."

"उभ्यानं धुनं कुनी धुतंय व्हय?" आजी म्हणाल्या. धुणं फिरू लागलं. त्या काचेतून बघत बसल्या. मला म्हणाल्या, "बसा भाऊ. टीवीवर तरी येगळं काय दावत्यात? त्येच त्येच फिरवत्यात."

आम्हीही बसलो. मशीन थांबल्यावर त्यांनी दार उघडलं. चाचा म्हणाले, "परत एकदा उघडा बरं." त्यांनी उघडलं. मग आणखी एकदा, आणखी एकदा. पाचव्यांदा आजी भडकल्या. "ओ पावणं, नीट कराया आलाय का मोडाया?" तणतणत त्यांनी कपडे बादलीत काढले, डावा हात गुडघ्यावर ठेवला, उजवा हात उघड्या दाराच्या कडेवर टाकला आणि "आई गं" म्हणत सगळा भार देऊन उठल्या. दार कर्रकन वाजलं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या खिशाकडे, जिथे ती तीन पानं होती.

परतताना आम्ही कळंबला चहाला थांबलो. मी अजून हटलो नव्हतो. म्हटलं, "चाचा, लोकांना सांगायला पाहिजे, दाराला धरून उठू नका म्हणून. पुस्तिकेत छापू."

"किती जनींना सांगाल?" चाचा म्हणाले. "जमिनीवर बसनारी बाई उठताना कायतरी धरनारच. जातं धरंल, भित धरंल, पोराचा खांदा धरंल. आता म्होरं दार हाय. धरू दे की. आपन दार अशा बाईसाठी करायचं, का पुस्तिकंसाठी?"

मग त्यांनी भज्यांची प्लेट उचलली. कड दोन जवळजवळच्या बोटांत पकडली. प्लेट झुकली, भजी घसरू लागली. नंतर त्यांनी बोटं लांब फाकवली आणि तीच प्लेट धरली. आता ती हलेना. "पेटीचं झाकान असंच धरत्यात," ते म्हणाले. "बिजागरीची बोटं लांब लांब ठिवायची आन् पाठीमागून पत्र्याला आधार द्यायचा. लोक पेटीवर बसत्यात, नाचत्यात, बिजागरी मोडती का?"

एवढं सोपं होतं ते. डिप्लोमाच्या तीन वर्षांत मी हे समीकरण निदान दहादा सोडवलं होतं, पण भज्यांची प्लेट कधी डोळ्यांपुढे आली नव्हती.

तो अहवाल मी तिथेच टराटरा फाडला, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं सांगतो, मी तो पुढे कित्येक दिवस खिशात बाळगला. चाचांची बिजागरी फसली असती तर आम्ही चूक आमचीच असल्याचं कबूल करून बसलो असतो आणि काम हमखास गेलं असतं. मी भित्रा होतो. शेठना सांगितलं, टाइप करणारा आजारी आहे.

चाचांनी कंपनीच्या रद्दीतून मशीनचा एक रिकामा खोका मिळवला. आत मोटर नाही, पिंप नाही, नुसता बाहेरचा पत्रा आणि गोल दार. तो त्यांनी टेम्पोत घालून जुन्नरला घरी नेला आणि ओसरीवर मांडला. चाचींचे गुडघे दुखत. दिवसभरात त्या जितक्यांदा खाली बसतील तितक्यांदा त्या खोक्यापुढे बसायचं आणि दाराला धरून उठायचं, असं ठरलं.

चाची मला म्हणाल्या, "बगा बेटा, धा वर्सं झाली, मशीन मागतीया. शेवटी आनलं ह्यांनी. नुस्तं दार!"

मी संध्याकाळी तिकडे जायचो. पहिली बिजागरी तिसऱ्या दिवशी वाकली. दुसरी वाकली नाही, पण दार खाली उतरलं. एक गोष्ट मला हळूहळू दिसू लागली. चाची उठत तेव्हा चाचा बिजागरीकडे बघतच नसत. ते चाचींच्या चेहऱ्याकडे बघत. उठताना चाची नेहमी बोलायच्या थांबत, दात आवळत, उभ्या राहिल्या की मग पुढचं बोलत. "परत एकदा," चाचा म्हणत आणि कानस घेऊन बसत.

तिसऱ्या बिजागरीच्या वेळी चाची त्यांच्यावर जाम तापल्या होत्या. कशावरून ते आठवत नाही, बहुतेक तेलाच्या बाटलीवरून. चाचींच्या डोळ्यांचं औषध आणि चाचांचं तेल एकाच फळीवर असायचं आणि दर वेळी हुंगून बघावं लागायचं. बडबडत बडबडत त्यांनी दाराला हात टेकला, उठल्या, बडबडतच आत गेल्या. मधे एक शब्द अडला नाही.

चाचांनी कानस खाली ठेवली. त्या दिवशी ते 'परत एकदा' म्हणाले नाहीत. मला म्हणाले, "आता काडा तुमचं ड्रॉइंग." मी खिशातली तीन पानं काढली आणि त्यांच्याच कोऱ्या बाजूवर पहिला कच्चा आराखडा काढला.

कंपनीकडून तपासायला एक तरुण साहेब आले. पँटची इस्त्री करकरीत. नवी बिजागरी लावून शेडमध्ये ठेवलेल्या मशीनच्या दाराला त्यांनी वजनं लटकावली, मोजपट्टी लावली, वहीत टिपून घेतलं. मग म्हणाले, "टिकते, मान्य. पण एवढी मजबूत कशाला हवी? दाराला कोण लोंबकळणार आहे? हा सगळा पत्रा बदलावा लागेल आम्हाला."

शेठचा चेहरा उतरला. मी तोंड उघडायच्या आत चाचांनी मशीनपुढे पाट टाकला. "बसा साहेब. च्या घ्या."

साहेब संकोचले, पण बसले. मांडी घातली. चहा आला. चाचांनी त्यांची विचारपूस सुरू केली. गाव कोणतं, आई-वडील कुठे असतात, भीमाशंकरला गेलात का कधी. चहा पार संपेपर्यंत बिजागरीचं नाव नाही. मग शेठ म्हणाले, "जेवायला उठायचं का?"

साहेबांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, आणि हात आपोआप दाराच्या कडेवर गेला. सगळा भार टाकून ते अर्धवट उभे राहिले आणि तसेच थांबले. स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

चाचा म्हणाले, "परत एकदा उठा बरं."

सगळी शेड हसली. साहेबही हसले. उभे राहून त्यांनी दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं. जाताना मला म्हणाले, "माझी आजी अशीच उठायची. फळीला धरून." बिजागरी मंजूर झाली. पत्राही बदलला.

ड्रॉइंगवर नाव माझं आहे. 'रचना' या शब्दापुढे माझी सही. चाचांचं नाव घालायला तिथे रकानाच नव्हता, आणि मी तो पाडला नाही. ही गोष्ट मला अजून टोचते. एकदा त्यांच्यापाशी बोललो तर म्हणाले, "बिजागरीवर नाव लिवाया जागा कुटं असती? दार उगडलं की झालं." त्या ड्रॉइंगच्या जोरावर पुढे मला पुण्यात चांगली नोकरी लागली. मी आळेफाटा सोडला. दिवाळीला फोन करायचो, मग तेही राहिलं.

चाचा गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं. मी जुन्नरला गेलो. आत जाण्याआधी दार दोनदा उघडून बंद केलं. मगच चपला काढल्या.

ओसरीवर तो खोका अजून होता. आत गोधड्यांच्या घड्या ठेवलेल्या. मशीन काही शेवटपर्यंत आलं नव्हतं. चाची त्याच्यापुढे बसल्या होत्या, बऱ्याच वाळल्या होत्या. मला बसवून त्या शेवटच्या दिवसांचं सांगू लागल्या.

"दवाखान्यातलं दार लई कुरकुरायचं, बेटा. नर्सबाई आली की कुरकुर, गेली की कुरकुर. ह्यांना फार बोलायची ताकद न्हवती. मला खुनावलं, बाटली काड म्हनून. मी तेल घातलं, चार थेंब. तर मंग ह्यांनी..."

बोलता बोलता त्या चहा टाकायला उठू लागल्या. मी हात द्यायला पुढे झालो, पण तोवर त्यांचा तळवा दाराच्या कडेवर गेला होता.

"...ह्यांनी हात वर केला आन् त्या नर्सबाईला म्हनले, परत एकदा उघडा बरं."

मधे एक शब्द अडला नाही. चाची आत गेल्या. खोक्याचं दार उघडंच राहिलं होतं. मी ते हलक्या हाताने लावलं आणि तिथेच जमिनीवर बसून राहिलो.